गिअरबॉक्सचा इलेक्ट्रिकल कोड: सोलेनॉइड मागवण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकते. इंजिन ओरडतं, वेग काही वाढत नाही, गिअर पडताना दणका बसतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला असतो, काही गाड्यांत 'डी' अक्षर लुकलुकतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दहा मिनिटं सगळं सुरळीत, मग पुन्हा तोच प्रकार. स्कॅनर लावला तर दोषाचा कोड दिसतो: पी०७५३, शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल. (सोलेनॉइड म्हणजे तारेची कॉइल असलेला विजेचा व्हॉल्व्ह; वीज देऊन किंवा तोडून तो ऑइलची वाट बदलतो आणि गिअर बदलतो.) यानंतर बहुतेक जण थेट नव्या सोलेनॉइडची चौकशी करायला लागतात.

जरा थांबा. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, म्हणजे टीसीएमला, सोलेनॉइड दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त त्याच्या स्वतःच्या पिनवरची विजेची अवस्था. ती अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली की तो कोड लिहून मोकळा होतो. त्या पिनपासून कॉइलपर्यंत वायर आहे, दोन-तीन कपलर, म्हणजे वायर जोडायचे प्लग, आहेत, गिअरबॉक्सच्या आतलं वायरिंग आहे, परत येणारं अर्थिंग आहे. यातलं काहीही तुटलं, गंजलं किंवा बॉडीला टेकलं तरी कोड तोच येतो. म्हणून कोड वाचताना 'सोलेनॉइड ए खराब' असं न वाचता 'सोलेनॉइड ए चं सर्किट तपासा' असं वाचायचं. पुढचं सगळं काम म्हणजे त्या सर्किटचे तुकडे पाडत दोष कुठल्या तुकड्यात आहे ते मापून ठरवणं.

गाडी एका गिअरमध्ये का अडकते, तेही समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. सर्किटवर विश्वास उरला नाही की टीसीएम सगळ्या सोलेनॉइडचा पुरवठा बंद करतो. वीज नसताना व्हॉल्व्ह ज्या स्थितीत राहतात त्या स्थितीत जो गिअर लागतो, तोच लागून राहतो; बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तो मधला, दुसरा-तिसरा असतो. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचा करंट गेला की बहुतेक रचनांमध्ये ऑइलचा दाब कमाल होतो, जेणेकरून क्लच घसरून जळू नयेत. दणका बसतो तो त्यामुळे. याला लिंप मोड म्हणतात. घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जायला तो ठीक आहे, रोजच्या वापराला नाही.

आधी कोड नीट वाचा

पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यानंतर ० असेल तर तो सर्व कंपन्यांना समान असलेला, एसएई जे२०१२ या मानकातला कोड. १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा. त्यापुढचा आकडा ७, ८ किंवा ९ असला की प्रकरण गिअरबॉक्सचं.

पी०७०० एकटाच दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका. तो फक्त निरोप आहे: 'टीसीएमकडे कोड आहे, त्याला विचारा.' साधे स्वस्त रीडर फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतात, म्हणून त्यांत एवढंच दिसतं. टीसीएममध्ये शिरणारा स्कॅनर मिळेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

खरा कोड मिळाला की त्याच्या वर्णनातला शेवटचा शब्द बघा. सगळी गंमत तिथे आहे. पी०७५१ आणि पी०७५३ हे दोन्ही सोलेनॉइड ए चेच. पण पी०७५१ म्हणतो की वीज बरोबर पोचतेय, गिअर मात्र अपेक्षेप्रमाणे बदलत नाही; म्हणजे व्हॉल्व्ह अडकला, ऑइल घाण झालं, दाब कमी पडला, असं काहीतरी. पी०७५३ म्हणतो की वीजच नीट नाही. पहिल्यासाठी मल्टिमीटर घेऊन बसलात तर दिवस वाया जाईल; दुसऱ्यासाठी ऑइल बदललंत तर ऑइल वाया जाईल. ऑइलची पातळी कमी झाल्याने पी०७५३ येत नाही. हे ठासून सांगतो, कारण 'आधी ऑइल बदलून बघू' हा सल्ला प्रत्येक कोडवर दिला जातो.

याच कुटुंबातले नेहमी भेटणारे बाकीचे: पी०७५८, पी०७६३, पी०७६८ आणि पी०७७३ हे अनुक्रमे बी, सी, डी, ई सोलेनॉइडच्या विजेचे, पी०७४३ टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचा, पी०७४८ प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचा, पी०७१२ आणि पी०७१३ ऑइलच्या तापमान सेन्सरचे, पी०७१७ इनपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल न येण्याचा, पी०७०५ गिअर लिव्हरची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा. पी०७०५ असेल तर आधी लिव्हर एकेका जागी नेत स्कॅनरवर तीच जागा दिसते का बघा. अनेकदा केबल किंवा सेन्सर किंचित सरकलेला असतो आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.

एकाच वेळी चार-पाच सोलेनॉइडचे कोड आले असतील तर खूश व्हा. पाच कॉइल एकाच दिवशी जळत नाहीत. त्या सगळ्यांना सामायिक काय आहे ते शोधा: एक फ्यूज, एक रिले, एक अर्थिंगची वायर, किंवा गिअरबॉक्सवरचा तो एकच मोठा कपलर.

काहीही सोडवण्याआधी लिहून घ्या

कोड पुसायची घाई नको. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असेल तर ती आधी वाचा: कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, बॅटरीचं व्होल्टेज किती होतं. बॅटरी काढली की ही माहिती बऱ्याच गाड्यांत जाते, आणि पुढे बॅटरी काढायचीच आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मालकाला, म्हणजे बहुधा स्वतःलाच, तीन प्रश्न विचारा. थंड गाडीत होतं की गरम? खड्ड्यात, वळणावर होतं की सरळ रस्त्यावर? पाऊस किंवा धुलाईनंतर सुरू झालं का? गरम झाल्यावरच येत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या कॉइलवर आणि जोडांवर. हादऱ्याने येत असेल तर बाहेरच्या वायरिंगवर. पाण्यानंतर येत असेल तर कपलरवर. पुरावा नाही हा, पण मीटर आधी कुठे लावायचा ते कळतं.

बॅटरी, फ्यूज, अर्थिंग

हे कंटाळवाणं आहे आणि हेच आधी करायचं. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवं. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी मरतुकडी असेल तर स्टार्ट करताना व्होल्टेज कोसळतं, टीसीएम गोंधळतो आणि नसलेले दोष लिहून ठेवतो. पी०५६२, म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, हा कोड सोबत असेल तर आधी तोच सोडवा, मग बाकीचे पुसून बघा काय परत येतं.

फ्यूज बाहेर काढून नुसता डोळ्यांनी बघू नका. जागेवरच ठेवून, पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे सारखं यायला हवं.

अर्थिंग मात्र ओहममध्ये मोजू नका. इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब गिअरबॉक्सच्या स्वच्छ धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर तुमचा दोष कदाचित इथेच आहे: गिअरबॉक्स किंवा इंजिन काढून-बसवताना अर्थिंगची पट्टी रंगावर आवळली गेलेली असते. बोल्ट सोडा, धातू चकचकीत घासा, पुन्हा आवळा. टीसीएमच्या अर्थिंगच्या पिनवरही हेच मोजा.

डायग्राम आणि कपलर

आता त्या गाडीचा, त्या वर्षाचा, त्या गिअरबॉक्सचा वायरिंग डायग्राम लागतो. जवळच्या मॉडेलचा चालत नाही. एकाच गाडीत दोन वर्षांत पिनांची जागा बदललेली मी पाहिली आहे. डायग्राममध्ये चार गोष्टी शोधा: टीसीएमच्या कपलरवर सोलेनॉइड ए ची पिन कोणती, वायरचा रंग काय, गिअरबॉक्सच्या कपलरवर तीच वायर कुठल्या पिनला जाते, आणि कॉइलचं दुसरं टोक कुठे आहे.

चौथी गोष्ट लोक विसरतात. काही रचनांमध्ये टीसीएम १२ व्होल्ट पाठवतो आणि कॉइलचं दुसरं टोक गिअरबॉक्सच्या बॉडीलाच असतं. काहींत उलट: सोलेनॉइडला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि टीसीएम त्याला अर्थिंग देऊन चालवतो. मीटरची दुसरी प्रोब कुठे लावायची ते यावर ठरतं. पी०९७३ आणि पी०९७४, म्हणजे सोलेनॉइड ए चं सर्किट 'लो' आणि 'हाय', यांचा अर्थही यावर फिरतो. टीसीएम १२ व्होल्ट पाठवणारा असेल तर 'लो' म्हणजे सहसा वायर बॉडीला टेकली. दुसऱ्या रचनेत तुटलेली वायरही 'लो' म्हणून दिसू शकते.

कपलर उघडण्याआधी गाडी सपाट जागी, पार्किंग ब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. खाली शिरायचं असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीही नाही. पिवळ्या वायरिंगला आणि पिवळ्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा.

गिअरबॉक्सवरचा कपलर सोडवला की आत टॉर्च मारून नीट बघा. हिरवी-पांढरी पूड म्हणजे पाणी शिरलं होतं. आत वाकलेली पिन, बाहेर सरकलेलं टर्मिनल, फाटलेलं रबर सील, हे सगळं डोळ्यांना दिसतं. लालसर तेलकटपणा दिसला तर तो गिअरबॉक्सचं ऑइल असण्याचीच शक्यता जास्त. हे ऑइल इन्सुलेशनच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं आणि टीसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. मर्सिडीजच्या ७२२.६ या गिअरबॉक्सच्या १३ पिनांच्या प्लगमधून हे होतं, म्हणून तिथला प्लग रबर रिंगसकट बदलणं ही नेहमीची दुरुस्ती आहे. वरचा कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलात आणि खालचा गळका प्लग तसाच ठेवलात, तर काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच बसलेले असाल.

मुख्य मापन

आता कामाचा गाभा. पहिलं माप सोलेनॉइडजवळ घेऊ नका. टीसीएमचा कपलर सोडवा, गिअरबॉक्सचा पुन्हा जोडा, आणि वायरिंगच्या बाजूने टीसीएमकडे जाणाऱ्या पिनवर ओहम मोजा. एकाच मापात वायर, मधले सगळे कपलर, आतलं वायरिंग आणि कॉइल हे सगळं येतं. माप बरोबर आलं तर ऑइल पॅन उघडायची गरज नाही हे खाली न वाकता कळलं.

मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा; ०.२, ०.३ असं काहीतरी येईल. ते प्रत्येक मापातून वजा करायचं. प्रोबचं जाड टोक पिनच्या तोंडात खुपसू नका. मादी टर्मिनल एकदा रुंदावलं की तुम्ही स्वतःच नवा दोष तयार केला. पातळ प्रोब किंवा योग्य मापाची सुटी पिन वापरा.

समजा मॅन्युअल म्हणतं, २० अंश सेल्सिअसला ११ ते १५ ओहम. चालू-बंद होणाऱ्या साध्या शिफ्ट सोलेनॉइडची कॉइल बहुधा १० ते ३० ओहमच्या पट्ट्यात असते. प्रेशर कंट्रोलची रेषीय, म्हणजे करंटप्रमाणे कमी-जास्त उघडणारी, सोलेनॉइड त्याहून कमी, चार-पाच ओहमच्या आसपास. पण धरायचा आकडा मॅन्युअलचाच.

मीटरवर १३ आले. सर्किट आत्ता, या क्षणी ठीक आहे. 'या क्षणी' हे शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतो.

ओएल आलं, म्हणजे अनंत. कुठेतरी तुटलंय.

१ किंवा २ ओहम आले. कॉइल आतून शॉर्ट आहे किंवा वायर मध्येच बॉडीला टेकलीय. दोन वायरच्या सोलेनॉइडमध्ये दोन्ही पिनांपासून बॉडीपर्यंत वेगवेगळं मोजा. ओएलच यायला हवं. काही ओहम दिसले तर इन्सुलेशन गेलंय.

३८ आले. हे सर्वांत फसवं. कॉइलचे १३ आणि कुठल्यातरी गंजलेल्या जोडाचे २५. सर्किट तुटलेलं नाही, म्हणून कंटिन्युइटीचा बीप देणारा मीटरही कदाचित वाजेल. पण १२.६ व्होल्टला १३ ओहममधून जवळपास १ ॲम्पियर वाहायला हवा, तिथे ३८ ओहममधून जेमतेम ०.३३ वाहतो. सोलेनॉइड धड उचलत नाही. बीपवर विसंबू नका, आकडा बघा.

माप चुकीचं आलं तर सर्किट मध्ये कापा. गिअरबॉक्सचा कपलर सोडवून आता गिअरबॉक्सच्या बाजूच्या पिनांवर मोजा. इथे १३ आले तर कॉइल आणि आतलं वायरिंग निर्दोष; दोष वरच्या वायरिंगमध्ये. इथेही ओएल आलं तर दोष गिअरबॉक्सच्या आत, आणि आता ऑइल पॅन उतरवायला कारण आहे. आत गेल्यावरही सोलेनॉइडच्या पायांवर स्वतंत्र मोजा, कारण आतल्या पट्टी-वायरिंगलाही भेगा पडतात.

पॅन उघडलेलंच असेल तर साध्या चालू-बंद सोलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट देऊन 'टक' असा आवाज ऐकता येतो. रेषीय सोलेनॉइडवर हा प्रयोग करू नका. ५ ओहमच्या कॉइलला थेट बॅटरी दिली तर अडीच ॲम्पियर वाहतात. टीसीएम एरवी तिला तुकड्या-तुकड्याने वीज देऊन करंट खूप कमी ठेवत असतो.

मीटर खरं बोलतो, पण अर्धवट

वरचं सगळं करून आकडे बरोबर आले आणि कोड तरी परत येतोय, अशी अवस्था अनेकदा येते. मल्टिमीटर मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. वायरमधल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी ओहमचा आकडा छान येतो. तिच्यावर १ ॲम्पियरचा भार आला की ती कोलमडते.

म्हणून वायरवर भार टाकून बघायचं. संशयित वायरची दोन्ही टोकं सोडवलेली असावीत, टीसीएम आणि सोलेनॉइड दोन्हींपासून. हे पुन्हा एकदा तपासा, कारण आता लावायच्या बल्बचा करंट टीसीएममधून गेला तर टीसीएमच जाईल. एका टोकाला फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. दुसऱ्या टोकाला ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब लावून त्याचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास ओढतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. पेटलेला असताना मीटर व्होल्टवर ठेवून वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, ०.२ व्होल्टच्या आत हवं. बल्ब मिणमिणला तर वायर बदला.

मी एका गाडीवर हे शिकलो, तेही उशिरा. तिच्यात माझ्याआधी दोनदा सोलेनॉइड बदललं गेलं होतं. ओहम दर वेळी बरोबर. शेवटी वायरिंग टेपमधून सोडवून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढत गेलो. बॅटरीच्या तबकाखाली, क्लिपच्या अगदी तोंडाशी, एक वायर रबरासारखी ताणली गेली. वरचं इन्सुलेशन अखंड, रंगही शाबूत, आत तांबं तुटून काळं पडलेलं. इंजिन हललं की टोकं एकमेकांना टेकायची आणि सुटायची. तांबं शाबूत असलेली वायर ताणली जात नाही. तेव्हापासून ही बोटांची तपासणी मी मीटरइतकीच मानतो.

कधी येतो, कधी जातो

खरा छळ हाच. उपाय एकच: दोष दिसेपर्यंत परिस्थिती तयार करत राहायची.

मीटर टीसीएमच्या कपलरमध्ये ओहमवर लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला वायरिंग हळूहळू हलवायला सांगा, एका वेळी एक वीत. गाडीखालून, बॅटरीजवळून, इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये जिथे वायरिंग वाकतं तिथून. आकडा १३ वरून उडाला की हात तिथेच थांबवायचा. ज्या मीटरला कमाल-किमान नोंदवायची सोय आहे त्यावर हे एकट्यानेही जमतं.

हलवून काही होत नसेल तर उष्णता. गाडी चालवून गिअरबॉक्स गरम करा आणि लगेच मोजा, ऑइल हाताला भाजणार नाही याची काळजी घेत. इथे एक हिशेब लक्षात असू द्या. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. थंडीत १३ ओहम असलेली कॉइल ९० अंशांना साडेसोळाच्या आसपास दाखवणारच. मॅन्युअलची ११ ते १५ ही मर्यादा २० अंशांची आहे; गरम कॉइलला ती लावून चांगलं सोलेनॉइड फेकू नका. गरम झाल्यावर ओएल येऊन थंड झाल्यावर परत १३ होत असतील, तर मात्र कॉइलच्या आतली तार तुटलीय आणि फुगल्यावर तिची टोकं सुटतात. ते सोलेनॉइड गेलं.

कपलरच्या टर्मिनलची पकडही बघा. त्याच जातीची सुटी नर पिन प्रत्येक मादी टर्मिनलमध्ये घालून बाहेर ओढा. शेजारच्या टर्मिनलमधून ती अडखळत निघते आणि एकातून नुसती घसरून येते. ती घसरणारी जागा तुमचा दोष. डोळ्यांनी दोन्ही अगदी सारखी दिसतात.

सेन्सरचं गणित वेगळं

कोड सोलेनॉइडचा नसून स्पीड सेन्सरचा असेल तर त्याला वायर किती आहेत ते आधी मोजा. दोन वायरचा जुना चुंबकीय सेन्सर स्वतः एसी व्होल्टेज तयार करतो. त्याचा ओहम मोजता येतो, बहुधा काही शे ते दोनेक हजार. तीन वायरचा हॉल सेन्सर मात्र ओहमने तपासू नका, त्यातून काही कळत नाही. त्याला पुरवठा मिळतो का, अर्थिंग आहे का, आणि चाक फिरताना सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज खाली-वर होतं का, एवढंच बघायचं. तेही मागून प्रोब सरकवून. इन्सुलेशनला टोचून मोजलं की त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने नवा कोड येतो.

तापमान सेन्सरसाठी तर गाडीखालीही जावं लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये ऑइलचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलेलं, दीडशेच्या वर दिसलं तर शॉर्ट. कपलर काढा: आकडा उणे ४० झाला पाहिजे. सेन्सरच्या दोन वायर सुट्या वायरने एकमेकींना जोडा: आकडा टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि टीसीएम ठीक, सेन्सर बदला.

यू०१०१ हा कोड सोबत असेल, म्हणजे टीसीएमशी संपर्कच तुटतोय, तर बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. सॉकेट थेट कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरवर, असलेल्या गाडीत ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात. १२० आले तर एक टोक सुटलंय.

टीसीएमला दोष देण्याआधी

वायर भार घेते, कॉइल थंड आणि गरम दोन्ही वेळी बरोबर आहे, अर्थिंग स्वच्छ आहे, टीसीएमला १२ व्होल्ट पोचतात. तरी कोड येतो. मगच टीसीएम. त्याआधी एक शेवटची खात्री: स्कॅनरमध्ये सोलेनॉइड हाताने चालू-बंद करायची सोय असेल तर गाडी उभी, इंजिन बंद, चावी ऑन करून ते द्या आणि टीसीएमच्या पिनवर मागून व्होल्टेज मोजा. आदेश दिल्यावर पिनवरचं व्होल्टेज बदलत नसेल तर आतला ड्रायव्हर, म्हणजे सोलेनॉइड चालवणारा टीसीएमचा भाग, गेलाय.

आणि तो का गेला ते शोधल्याशिवाय नवा टीसीएम लावू नका. शॉर्ट झालेल्या कॉइलने जुना जाळला असेल तर नवाही जळेल. बऱ्याच गाड्यांत नवा टीसीएम प्रोग्रॅम करावा लागतो, हेही आधी विचारून घ्या.

दुरुस्ती आणि नंतर

वायर जोडताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करा किंवा सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, आणि जोड अशा जागी जिथे वायरिंग वाकत नाही. घासण्याच्या जागी नळी चढवून क्लिप परत लावा. मूळ क्लिप तुटली म्हणूनच बहुधा वायर घासली होती.

मग बॅटरी जोडा, कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच पुन्हा तयार करून गाडी चालवा. गरम असताना कोड येत होता तर गरम करूनच. सोलेनॉइड किंवा टीसीएम बदलला असेल तर स्कॅनरने जुनी शिकवण पुसून गिअरबॉक्सला नव्याने शिकू द्या. पहिले काही दिवस गिअर थोडे खडबडीत पडले तर लगेच हात घालू नका. घरी आल्यावर पेंडिंग कोडही वाचा, फक्त पक्के नाही. दिवा न लागता पेंडिंगमध्ये पी०७५३ बसलेला असेल तर दुरुस्ती अर्धीच झालीय, आणि वायरिंगच्या ज्या तुकड्याला तुम्ही अजून बोटं लावली नाहीत तिथून पुन्हा सुरुवात करा.